महाराष्ट्रातील मर्दनपरंपरा : राजवाडा, गावगाडा, तालीम आणि रुग्णालय – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट ओलांडला की तिसगाव लागते. जवळच मढी येथे कानिफनाथांची समाधी असून होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या तेथील यात्रेमुळे हा परिसर महाराष्ट्रभर परिचित आहे. अहमदनगर जिल्ह्याचे २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झाले, तरी पाथर्डी तालुक्याची पर्जन्यछायेतील, अवर्षणप्रवण प्रदेश ही ओळख कायम आहे. येथील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या, हा त्यांचा सहा महिन्यांचा दिनक्रम असतो. अशा श्रमाच्या प्रदेशात दुखऱ्या पाठीला तेल चोळून घेणे ही चैन नसून गरज असते. घरातील म्हातारीचे पाय चेपणे, बाळंतिणीचे अंग रगडणे, पैलवानाने आखाड्यातून बाहेर आल्यावर मालिश करून घेणे या सर्व गोष्टी ग्रामीण जीवनात इतक्या मुरलेल्या आहेत की त्यांना इतिहास असू शकतो, हे सहसा लक्षात येत नाही.

मर्दनाचे लाभ सांगणारे लेखन आपल्याकडे विपुल आहे. मात्र मर्दन कोणी कोणाचे केले, त्याचा मोबदला काय मिळाला आणि ते करणाऱ्या हातांना प्रतिष्ठा मिळाली की नाही, या प्रश्नांचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने महाराष्ट्रातील मर्दनपरंपरेचा आढावा घेतला आहे. आज महाविद्यालयीन परिसरात खेळाडू, विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यासाठी अशा उपचाराची सोय करण्याचा विचार होत असताना हा इतिहास समोर असणे उपयुक्त ठरेल.

ग्रंथांतील मर्दन

आयुर्वेदाच्या तिन्ही प्रमुख ग्रंथांत अभ्यंगाला दिनचर्येत स्थान आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात तेलाने माखलेला घडा, तेल पाजलेले चामडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस यांचे दृष्टान्त देऊन, तेलाने शरीरही तसेच बळकट व श्रमसह होते, असे प्रतिपादन केले आहे. घडा, चामडे आणि आस ही तिन्ही उदाहरणे कुंभार, चांभार आणि सुतार यांच्या कामातील आहेत. शास्त्रकाराने शरीराचे मर्म कारागिरांच्या अनुभवातून समजावून दिले, ही बाब लक्षणीय आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात अभ्यंग, संवाहन आणि उद्वर्तन यांचा स्वतंत्र विचार आहे. अभ्यंग म्हणजे तेल लावणे, संवाहन म्हणजे हलक्या हाताने अंग चेपणे आणि उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग घासणे. नरकचतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रातील घराघरांत लावले जाणारे उटणे हे या उद्वर्तनाचेच रूप होय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा, डोके, कान आणि तळपाय यांना तो विशेषकरून करावा, तसेच व्यायामानंतर शरीराला सुखावह वाटेल असे मर्दन करावे, असे सांगितले आहे. त्याचबरोबर हे ग्रंथ निषेधही स्पष्ट करतात. अजीर्ण झालेल्याने, नुकतेच शोधन घेतलेल्याने आणि नव्या ज्वरात अभ्यंग करू नये, असा इशारा त्यांत आहे. मर्दन सर्व रोगांवर चालते, अशी भाबडी समजूत या शास्त्रकारांची नव्हती.

राजवाड्यातील मर्दनाचे सविस्तर चित्र कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात मिळते. इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात राजाच्या वीस उपभोगांत स्नानाबरोबरच पादाभ्यंगाचाही स्वतंत्र समावेश आहे, तर विनोदांमध्ये मल्लविनोद येतो. म्हणजे ज्या राजाचे पाय चोळले जात होते, त्याच राजाच्या करमणुकीसाठी मल्लांचे आहार-व्यायाम सांभाळले जात होते. मर्दनाचे वर्णन येथे उपभोग घेणाऱ्याच्या बाजूने आहे. पाय चोळणाऱ्याचे नाव ग्रंथात येत नाही.

संवाहक : कला आणि उपजीविका

पाय चोळणाऱ्याचे स्थान काय होते, याचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या आत्मरक्षणाच्या प्रकरणात स्नान घालणे, अंग चेपणे, अंथरूण घालणे, वस्त्रे धुणे ही कामे दासींनी करावीत, असे नमूद आहे. याउलट कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत उत्सादन, संवाहन आणि केशमर्दन यांतील कौशल्य ही नागर माणसाला शोभणारी कला मानली आहे. एकच कृती एका ग्रंथात दास्य, तर दुसऱ्या ग्रंथात कला ठरते.

या विसंगतीवर नेमके बोट शूद्रकाच्या मृच्छकटिकाने ठेवले आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत रूपांतरामुळे हे नाटक मराठी रसिकांच्या परिचयाचे आहे. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकातील संवाहक हा पाटलीपुत्राच्या एका गृहस्थाचा मुलगा. अंग चेपण्याची विद्या त्याने हौसेने शिकलेली असते. पुढे दैवगतीने तीच त्याच्या पोटाचे साधन बनते. वसंतसेना त्याच्या विद्येला नाजूक कला म्हणून गौरवते, तेव्हा तो आपण ती कला म्हणून शिकलो, पण आता ती केवळ उपजीविका झाली आहे, अशा आशयाचे उत्तर देतो. चारुदत्ताची संपत्ती गेल्यावर त्याची चाकरी सुटते, तो जुगारात कर्जबाजारी होतो आणि अखेरीस भिक्षू बनतो. मर्दनाच्या सामाजिक इतिहासाचे सूत्र या एका पात्रात सामावले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

गावगाड्यातील हात

महाराष्ट्राच्या गावगाड्यात मर्दनाचे काम मुख्यतः दोन प्रकारच्या हातांकडे होते. पहिला हात न्हाव्याचा. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला न्हावी हजामतीखेरीज अंग रगडणे, डोक्याला तेल चोळणे, जखम बांधणे, लग्नकार्यात आणि पाहुण्यांच्या सरबराईत राबणे अशी अनेक कामे करीत असे. त्याचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथातून बलुत्याच्या या व्यवहारातील ताण स्पष्ट होतात. कामाचे तास ठरलेले नव्हते, नकार देण्याची मुभा नव्हती आणि मोबदल्याचे माप देणाऱ्याच्या हाती होते. पाटलाचे अंग रगडणारा न्हावी त्याच्या शरीराशी जितका जवळ येई, तितका पंगतीत दूर बसे. स्पर्श चालत असे, मात्र बरोबरी चालत नसे.

दुसरा हात सुईणीचा. अनेक गावांत हे काम मांग समाजातील स्त्रिया करीत. बाळंतपण उरकल्यावर बाळ आणि बाळंतीण यांचे अंग तेलाने चोळणे, गरम पाण्याने न्हाऊ घालणे, ओवा-शेपेची धुरी देणे, शेगडीचा शेक देणे हा क्रम सुमारे सव्वा महिना चाले. बाळाच्या कोणत्या सांध्याला किती दाब द्यायचा, टाळूवर तेल कसे थापायचे, बाळंतिणीच्या कमरेला कोठे अंगठा लावायचा हे ज्ञान सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे हातोहात गेले. ते लिहिले गेले नाही, कारण ज्यांना येत होते त्यांना अक्षर नव्हते आणि ज्यांना अक्षर होते त्यांना ते लिहिण्याजोगे वाटले नाही. साडीचोळी आणि पायलीभर धान्य घेऊन सुईण घराबाहेर पडली की अनेक घरांत विटाळाचे पाणी शिंपडले जाई. जिने घरचा वंश हातात झेलला, तिच्या वाट्याला आलेला हा व्यवहार इतिहासाने विसरू नये.

सेवा : पुंडलिकापासून वारीपर्यंत

गावगाड्याच्या या उतरंडीबरोबरच मराठी समाजमनात मर्दनाची आणखी एक कल्पना नांदत होती. ती म्हणजे सेवेची. पंढरपूरच्या कथेत पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपण्यात गुंतलेला असतो. दारी आलेल्या देवाला तो वीट फेकून थांबायला सांगतो आणि देव त्या विटेवर उभा राहतो. ज्या समाजात अंग चेपणे हे हलक्या प्रतीचे काम मानले गेले, त्याच समाजाचे आराध्यदैवत असे पाय चेपणे पुरे होण्याची वाट पाहत तिष्ठत आहे, हा विरोधाभास अर्थपूर्ण आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातही चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात मर्दना आणि मादणे, म्हणजे स्नान, यांचे उल्लेख येतात. स्वामींचे वास्तव्य नगर जिल्ह्यातील डोमेग्राम, नेवासे या परिसरातही होते. या लीळांमध्ये मर्दना हे भक्तांच्या सान्निध्याचे निमित्त बनते.

आषाढी वारीत ही परंपरा आजही दिसते. त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगरमार्गे पंढरपूरला जाते. पालख्यांच्या मुक्कामाच्या गावी अनेक जण वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देतात. त्या वेळी कोणी कोणाची जात किंवा हुद्दा विचारत नाही. वाटचालीचे हे काही दिवस मर्दन पुन्हा पुंडलिकाचे होते.

तालीम : परस्परांचे मर्दन

मर्दनाच्या इतिहासात तालमीचे स्थान वेगळे आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) कुस्तीला दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान त्याची साक्ष देते. नगर जिल्ह्यातही गावोगावच्या यात्रांमध्ये कुस्त्यांचा हगामा भरतो आणि त्यासाठी गावची पोरे वर्षभर तालमीत घाम गाळतात.

तालमीत जोर, बैठका आणि लढत झाल्यावर मर्दनाची पाळी येते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेल्या तांबड्या मातीत लढून आलेले पठ्ठे एकमेकांचे अंग रगडतात. लहान पठ्ठे वस्तादाचे आणि थोरल्या पैलवानांचे अंग चोळतात, समवयस्क आपापसांत पाळ्या लावतात. येथे कोणी पगारी चाकर नाही. आज जो पाठीवर गुडघा देतो, तोच उद्या मातीवर पालथा पडतो. जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञाने बनारसच्या आखाड्यांचा जो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध केला, त्यातही आखाड्यातील मर्दन हे जातीच्या शिवाशिवीला छेद देणारे असल्याचे निरीक्षण आहे. अर्थात तालमीचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. स्त्रियांना तालमीची दारे दीर्घकाळ बंद होती आणि सर्वच गावांच्या तालमी सर्व जातींना खुल्या नव्हत्या. तरीही मर्दन हे चाकरीऐवजी परस्परांचे कर्तव्य मानणारी संस्था म्हणून तालमीची नोंद घ्यावी लागते.

मुजुमदार यांनी संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात मराठीत प्रसिद्ध झाले. तालमीतील मौखिक ज्ञान अक्षरबद्ध करण्याचा हा मोठा प्रयत्न होता. याच काळात तालीम आणि महाविद्यालय यांची सांगड कोल्हापुरात पडली. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. विद्यार्थ्याच्या शरीराची जबाबदारी महाविद्यालयाचीही असते, हे या घटनेइतके ठसठशीतपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

चंपीपासून भौतिकोपचारापर्यंत

भारतीय मर्दन इंग्लंडमध्ये पोहोचले ते एका पाटण्याच्या माणसामुळे. १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी ब्रायटन येथे वाफेच्या स्नानासह चंपीचे केंद्र चालवले, १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे इंग्लंडच्या राजाच्या सेवेत या कामासाठी नेमणूक मिळवली. शाम्पू हा शब्द इंग्रजीत गेला तो याच चांपण्यावरून. जे हात मायदेशी बलुत्यावर राबत होते, त्यांच्या विद्येला परदेशात राजमान्यता मिळाली. भारतात मात्र चंपीवाला रस्त्यावरच राहिला. १९५७ च्या ‘प्यासा’ या चित्रपटात जॉनी वॉकर यांनी तेलाची बाटली घेऊन फिरणारा जो मालिशवाला रंगवला, तो प्रेक्षकांना प्रिय झाला खरा, पण विनोदी पात्र म्हणूनच.

इंग्लंडमध्येही मर्दनाची वाट सरळ नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील मर्दनगृहांच्या आड अनैतिक व्यवहार चालतात, अशी ओरड झाली. तेव्हा व्यवसायाची अब्रू राखण्यासाठी चार परिचारिकांनी १८९४ साली प्रशिक्षित मर्दनकारांची संस्था स्थापन केली. शिक्षण, परीक्षा आणि आचारसंहिता ही तिची साधने होती. १९२० साली तिला राजसनद मिळाली आणि पुढे तीच तेथील भौतिकोपचारतज्ज्ञांची प्रमुख संस्था बनली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांनाही लंडनमध्ये मर्दनाचे शिक्षण देऊन स्वावलंबी करण्यात आले. मर्दनाला प्रतिष्ठा मिळाली, ती अशा प्रकारे प्रशिक्षण आणि नियम यांच्या द्वारे.

महाराष्ट्रात हा टप्पा स्वातंत्र्यानंतर आला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई महापालिका, केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने परळच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. १९५५ साली हाजीअली येथे अपंग पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. पोलिओने लुळी पडलेली मुले हे त्या काळातील मोठे आव्हान होते. आज नगर जिल्ह्यातील लोणी येथेही भौतिकोपचाराचे पदवी शिक्षण मिळते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय पातळीवर नियामक चौकट दिली. मात्र या प्रगतीत एक उणीव राहिली. न्हावी आणि सुईण यांच्या वंशपरंपरागत कौशल्याला या चौकटीत जागा मिळाली नाही. तालीम आणि बाळंतघर येथील हात रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचले, आत गेले नाहीत.

लाभ आणि मर्यादा

आधुनिक संशोधनाने परंपरेतील काही अनुभवांना दुजोरा दिला आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बालकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. खोबरेल तेलाने मर्दन केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे वजन खनिज तेल वापरलेल्या बालकांपेक्षा अधिक वेगाने वाढल्याचे त्यात दिसून आले. सुईणीचा हात चुकीचा नव्हता, हे तिच्या पश्चात प्रयोगशाळेने मान्य केले. खेळाडूंच्या बाबतीत व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवणारा स्नायूंचा ठणका मर्दनाने काही प्रमाणात कमी होतो आणि लवचीकपणा किंचित वाढतो. परंतु त्यामुळे बळ किंवा वेग वाढतो, याला भक्कम पुरावा नाही. पाठदुखीत मिळणारा आराम बहुधा अल्पकाळ टिकतो. दीर्घकालीन सुधारणा व्यायामानेच होते.

ताप, त्वचेचा संसर्ग, ताजी जखम, मोडलेले हाड, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय अशा स्थितीत मर्दन टाळणे आवश्यक असते. नव्या ज्वरात अभ्यंग नको, या सुश्रुताच्या सूचनेशी आजचे वैद्यक सहमत आहे, ही गोष्ट आवर्जून नोंदवावी अशी आहे.

महाविद्यालयीन परिसराच्या संदर्भात

ग्रामीण महाविद्यालयांत येणारी अनेक मुले सकाळी शेतात राबून वर्गात बसतात. काहींचे आईवडील ऊसतोडणीवर असतात आणि सुट्टीत तीही हाती कोयता घेतात. अशा विद्यार्थ्यांच्या दुखऱ्या खांद्यांची दखल जिमखान्याने घेणे हे खाशाबांच्या महाविद्यालयाने घालून दिलेल्या परंपरेला धरून होईल. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठवड्यातून ठरावीक दिवशी प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ उपलब्ध असावा. विद्यार्थ्याने आधी नाव नोंदवून वेळ ठरवून घ्यावी. नोंदवहीत तक्रार, जुनी दुखापत आणि चालू आजार यांची नोंद व्हावी. विद्यार्थिनींसाठी स्त्री उपचारक असावी आणि संमतीशिवाय कोणाच्याही अंगाला हात लावला जाऊ नये. नोंदणी, संमती आणि ठरलेला मोबदला या तीन गोष्टी वरवर किरकोळ वाटल्या, तरी गावगाड्यातील न्हावी आणि सुईण यांना नेमक्या त्याच नाकारल्या गेल्या होत्या. त्यामुळे त्यांचे महत्त्व केवळ कार्यालयीन सोयीपुरते राहत नाही.

निष्कर्ष

मर्दनाची मूळ तंत्रे शतकानुशतके फारशी बदललेली दिसत नाहीत. तेल, तळहात आणि अंगठा हीच साधने राजवाड्यात होती आणि तालमीतही होती. बदलत गेले ते मर्दन करणारा आणि करवून घेणारा यांच्यातील नाते. राजवाड्यात ते दास्य होते, गावगाड्यात सक्तीचे बलुते होते, वारीत सेवा आणि तालमीत परस्परांचे कर्तव्य होते, रुग्णालयात तो व्यवसाय झाला. त्या नात्याप्रमाणे हातांची प्रतिष्ठा घटली किंवा वाढली.

मृच्छकटिकातील संवाहकाची खंत ही कला उपजीविका बनल्याची होती. उपजीविका होण्यात वस्तुतः काही कमीपणा नाही. कमीपणा येतो तो नकाराचा अधिकार आणि योग्य मोबदला नसल्याने. महाविद्यालयांनी मर्दनाची सोय करताना रुग्णालयाकडून शिस्त आणि तालमीकडून बरोबरीची भावना घ्यावी. त्याचबरोबर तिसगावसारख्या गावांत आजही बाळ-बाळंतिणीचे अंग चोळणाऱ्या ज्या मोजक्या वृद्ध स्त्रिया उरल्या आहेत, त्यांच्याकडील ज्ञान इतिहास आणि समाजशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवावे. एरवी हा इतिहास अंग चोळून घेणाऱ्यांच्या ग्रंथांतूनच लिहावा लागेल आणि तो अपुराच राहील.